घरातील नेटवर्कचे शब्द : भिंतीतल्या केबलपासून लॅपटॉपपर्यंत

‘वाय-फायला पूर्ण रेंज आहे, मग नेट का चालत नाही?’ हा प्रश्न मी कित्येक वर्षे विचारत आले, आणि चूक त्या प्रश्नातच होती हे मला फार उशिरा समजले. वाय-फाय म्हणजे तुमच्या फोनपासून घरातल्या राउटरपर्यंतचा बिनतारी रस्ता, तर इंटरनेट राउटरच्या पलीकडे सुरू होते. पहिला रस्ता धडधाकट असताना दुसरा बंद असू शकतो, आणि फोनच्या कोपऱ्यातल्या त्या पट्ट्या फक्त पहिल्या रस्त्याचे हाल सांगतात. एवढा एक भेद लक्षात आला की निम्मा गोंधळ संपतो.

नेटवर्कच्या संज्ञा अकारविल्हे पाठ करण्याचा प्रयत्न मी एकदा केला होता आणि तो सपशेल फसला, कारण ‘गेटवे’ समजण्यासाठी आधी ‘आयपी ॲड्रेस’ समजावा लागतो आणि ‘आयपी ॲड्रेस’ कोण देतो हे कळण्यासाठी ‘डीएचसीपी’. म्हणून येथे शब्द ज्या क्रमाने वाटेत भेटतात त्याच क्रमाने घेतले आहेत : भिंतीतून केबल येते तेथून निघून लॅपटॉपच्या पडद्यापर्यंत. बिघाड शोधतानाही हाच क्रम उपयोगी पडतो.

सुरुवात करण्यापूर्वी पुढील गोष्टी जवळ ठेवाव्यात :

- एक लॅपटॉप किंवा कॉम्प्युटर, आणि मोबाइल डेटा चालू असलेला फोन
- चालते अशी खात्री असलेली एक इथरनेट केबल
- राउटरच्या तळाशी असलेल्या स्टिकरचा फोटो
- इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीने कनेक्शनसाठी दिलेला युजरनेम आणि पासवर्ड, दिला असल्यास
- कागद आणि पेन

शेवटची वस्तू पाहून हसू नका. नेट बंद पडल्यावर नेटवर साठवलेले पासवर्ड उघडत नाहीत.

१. पेटी ओळखा : मोडेम, ओएनटी आणि राउटर

घरात येणारी तार फोनची किंवा केबल टीव्हीची असेल, तर तिच्यावरून येणारे सिग्नल कॉम्प्युटरला समजतील अशा रूपात आणण्याचे काम मोडेम करतो. फायबर असेल तर तेच काम ओएनटी नावाची पेटी करते. फरक इतकाच की तेथे काचेच्या तंतूतून प्रकाश येतो. राउटरचे काम वेगळे आहे. एका बाजूला तुमच्या घरातील उपकरणे आणि दुसऱ्या बाजूला बाहेरचे जग, अशा दोन नेटवर्कांमध्ये माहितीची ने-आण तो करतो. आजकाल ही दोन्ही कामे अनेकदा एकाच पेटीत असतात, त्यातच वाय-फायही असते, आणि सगळे मिळून तिला ‘राउटर’ किंवा नुसते ‘वाय-फाय’ म्हणतात. बोलताना त्याने बिघडत नाही. बिघाड शोधताना मात्र बिघडते.

फायबरच्या पेटीवर ‘पॉन’ (कंपनीशी जोडणी झाल्याचा) आणि ‘एलओएस’ (सिग्नल हरवल्याचा) असे दोन दिवे असतात. एलओएसचा दिवा लाल झाला, तर बाहेरून येणारा प्रकाश पेटीपर्यंत पोहोचत नाही असा त्याचा अर्थ होतो, आणि अशा वेळी वाय-फायच्या सेटिंगमध्ये कितीही शोधाशोध केली तरी उपयोग नाही. फायबरची बारीक केबल कपाटामागे दुमडली गेली आहे का, एवढे पाहावे. ती काढून तिच्या टोकात डोकावून मात्र मुळीच पाहू नये : आतला लेझर डोळ्याला दिसत नाही, पण इजा करू शकतो.

२. पाठीमागचे पोर्ट : वॅन आणि लॅन

राउटरच्या पाठीमागे एकसारखे दिसणारे चौकोनी पोर्ट असतात. त्यांतला एक बहुधा वेगळ्या रंगाचा किंवा जरा बाजूला असतो. तो वॅन पोर्ट, म्हणजे बाहेरच्या नेटवर्काचे तोंड. उरलेले लॅन पोर्ट, म्हणजे घरातल्या उपकरणांसाठीचे. मोडेम किंवा ओएनटीकडून आलेली केबल वॅनमध्ये जाते. टीव्ही, कॉम्प्युटर, प्रिंटर लॅनमध्ये. दोन्हीकडे तीच केबल नीट बसते, त्यामुळे वडाची साल पिंपळाला लावली तरी राउटर तक्रार करत नाही, नेट तेवढे येत नाही.

लॅन पोर्ट अपुरे पडले तर ‘स्विच’ घ्यावा. तो केवळ पोर्ट वाढवतो, बाकी कशात लुडबुड करत नाही. ‘ॲक्सेस पॉइंट’ ही पेटी केबलवरून आलेल्या नेटवर्काचे वाय-फाय करते. ‘रिपीटर’ वाय-फायच ऐकून पुन्हा वाय-फायवर बोलतो, त्यामुळे साध्या रिपीटरमागे वेग साधारण निम्म्यावर येतो. भिंतीतून केबल नेणे शक्य असेल तर मी रिपीटरऐवजी ॲक्सेस पॉइंटच सुचवेन.

३. आयपी ॲड्रेस

नेटवर्कवरच्या प्रत्येक उपकरणाला एक पत्ता लागतो. जुन्या आणि अजूनही सर्रास वापरात असलेल्या पद्धतीत, म्हणजे आयपीव्ही४मध्ये, तो चार आकड्यांचा असतो आणि प्रत्येक आकडा ० ते २५५ यांच्या दरम्यान असतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२५. तुमचा पत्ता पाहायचा असेल तर विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट (टाइप करून हुकूम देण्याची खिडकी) उघडून ‘आयपीकॉन्फिग’ (ipconfig) ही कमांड इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता टाइप करावी. फोनमध्ये जोडलेल्या वाय-फायच्या नावावर टिचकी मारली की तपशिलात तो दिसतो. या लेखात आकडे देवनागरीत आहेत, पण कॉम्प्युटरवर ते टाकताना कीबोर्ड इंग्रजीवर आणावा आणि टिंबांऐवजी स्वल्पविराम पडला नाही ना, तेही पाहावे.

पत्त्याच्या सुरुवातीकडे पाहूनच बरेच काही कळते. १९२.१६८ने किंवा १०ने सुरू होणारा पत्ता घरगुती, म्हणजे प्रायव्हेट असतो, १७२.१६ ते १७२.३१ ही पट्टीही त्याच कामासाठी राखून ठेवलेली आहे. तुमच्या लॅपटॉपवर १६९.२५४ने सुरू होणारा पत्ता दिसला तर मात्र थांबावे. तो कोणी दिलेला नसतो. पत्ता मागून कोणीच उत्तर दिले नाही म्हणून लॅपटॉपने तो स्वतःच घेतलेला असतो, आणि गोम राउटरपर्यंतच्या वाटेत किंवा राउटरमध्येच असते. माझ्या मते नवख्याने एकच आकडा लक्षात ठेवायचा असेल तर तो हा.

याबरोबर ‘मॅक ॲड्रेस’ हा शब्द येतो. ॲपलच्या मॅकशी त्याचा संबंध नाही. तो नेटवर्क कार्डाला कारखान्यातच मिळालेला बारा चिन्हांचा क्रमांक असतो, ज्यात ० ते ९ हे अंक आणि ए ते एफ ही अक्षरे येतात. आयपी ॲड्रेस नेटवर्क बदलले की बदलतो. मॅक ॲड्रेस उपकरणासोबत राहतो. निदान तसा नियम होता. अलीकडचे फोन खासगीपणा जपण्यासाठी प्रत्येक वाय-फायला वेगळाच, बनवलेला मॅक ॲड्रेस दाखवतात. त्यामुळे राउटरमध्ये मॅकनुसार एखाद्या फोनला बंदी किंवा परवानगी दिली असेल आणि ती चालत नसेल, तर फोनमधील ‘प्रायव्हेट’ किंवा ‘रँडमाइज्ड’ मॅकचा पर्याय तपासावा.

४. पत्ते वाटणारा : डीएचसीपी

घरात नवा फोन आणला की तुम्ही त्याला पत्ता टाइप करून देत नाही. तो नेटवर्कवर जाऊन ‘मला पत्ता कोण देईल?’ असे सर्वांनाच विचारतो आणि राउटरमधला डीएचसीपी सर्व्हर त्याला एक मोकळा पत्ता ठराविक मुदतीसाठी देतो. या मुदतीला ‘लीज’ म्हणतात. यातली मेख अशी की प्रश्न सगळ्यांना विचारलेला असतो आणि फोन सहसा ज्याचे उत्तर आधी येईल त्याचेच ऐकतो.

ही मेख मी तीन संध्याकाळी घालवून शिकले. आतल्या खोलीत रेंज मिळत नव्हती म्हणून मी दुसरा राउटर आणला आणि जुन्याच्या लॅन पोर्टातून केबल काढून नव्याच्या लॅन पोर्टात घातली. दिवे लागले, नवे वाय-फाय दिसले, नेटही चालले. पण फक्त काही उपकरणांवर. फोन चालू, लॅपटॉप बंद. राउटर बंद करून चालू केला की लॅपटॉप चालू, टीव्ही बंद. मी केबलवर, भिंतीवर आणि शेवटी इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीवर खापर फोडून मोकळी झाले. प्रत्यक्षात दोन्ही राउटरांचा स्वतःचा पत्ता कारखान्यातूनच १९२.१६८.१.१ असा होता आणि दोघेही आपापल्या परीने पत्ते वाटत होते. एकच पत्ता कधी फोनला, कधी टीव्हीला जात होता, आणि १९२.१६८.१.१ कडे पाठवलेली माहिती कधी नव्या पेटीकडे पोहोचत होती, जिच्या मागे इंटरनेट नव्हतेच.

तुम्हाला दुसरा राउटर जोडायचा असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ आहे का ते आधी पाहावे. असल्यास तो निवडला की पुढचे बहुतेक सगळे तोच करतो. नसल्यास हा क्रम पाळावा :

- नवा राउटर जुन्याला न जोडता, फक्त लॅपटॉपला केबलने जोडावा.
- त्याच्या सेटिंगच्या पानावर जाऊन त्याचा स्वतःचा पत्ता जुन्यापेक्षा वेगळा, पण त्याच पट्टीतला करावा, जसे १९२.१६८.१.२. जुना राउटर वाटत असलेल्या पत्त्यांत हा पत्ता येत नाही याची खात्री करावी.
- पत्ता बदलताच ते पान बंद पडल्यासारखे वाटेल. घाबरू नये, आता ते नव्या पत्त्यावर उघडते.
- त्याचा डीएचसीपी सर्व्हर बंद करावा.
- मगच जुन्याच्या लॅनमधून नव्याच्या लॅनमध्ये केबल घालावी. नव्याचा वॅन पोर्ट रिकामा राहतो.

डीएचसीपी आधी बंद केला आणि पत्ता बदलायचा राहिला, तर लॅपटॉपला पत्ता मिळत नाही आणि सेटिंगचे पानही उघडत नाही. त्यामुळे वरचा क्रम उलटा करू नये.

५. गेटवे आणि सबनेट मास्क

गेटवे म्हणजे बाहेर जाण्याचा दरवाजा. घरात तो राउटरच असतो, आणि आयपीकॉन्फिगमध्ये ‘डिफॉल्ट गेटवे’समोर जो पत्ता दिसतो तोच ब्राउझरमध्ये टाकला की राउटरचे सेटिंगचे पान उघडते. सबनेट मास्क हा २५५.२५५.२५५.० असा दिसणारा आकडा लॅपटॉपला एवढेच सांगतो की पत्त्याचे पहिले तीन आकडे जुळत असतील तर ते उपकरण घरातले समजावे, अन्यथा माहिती गेटवेकडे सोपवावी. अशा एका नेटवर्कात २५४ पत्ते वापरता येतात. तो बदलण्याची गरज घरात सहसा पडत नाही.

६. एक पत्ता, अनेक उपकरणे : नॅट

आयपीव्ही४मध्ये एकूण सुमारे ४२९ कोटी पत्ते होतात. ते पुरणार नाहीत हे फार पूर्वीच दिसले होते, आणि जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११मध्ये वाटून संपले. तोवर गाडी पुढे ढकलली ती नॅटने. तुमच्या संपूर्ण घराला बाहेरच्या जगात बहुधा एकच पब्लिक पत्ता असतो. लॅपटॉपकडून मागणी आली की राउटर तिच्यावरचा घरगुती पत्ता पुसून स्वतःचा पब्लिक पत्ता आणि एक पोर्ट क्रमांक टाकतो, आणि ‘हा क्रमांक लॅपटॉपचा’ अशी नोंद आपल्या तक्त्यात ठेवतो. उत्तर परत आले की तक्ता पाहून ते लॅपटॉपकडे देतो. येथला पोर्ट म्हणजे पाठीमागचे भोक नव्हे. तो १ ते ६५५३५ यांच्यातला क्रमांक आहे; एकाच नावाच्या या दोन गोष्टींनी मला बरेच दिवस चकवले.

बाहेरून न बोलावता आलेल्या माहितीची तक्त्यात नोंद नसते, म्हणून राउटर ती टाकून देतो. घरातला कॅमेरा बाहेरून थेट पाहायचा असेल तर ‘अमुक पोर्टावर येणारे सर्व कॅमेऱ्याकडे दे’ असे राउटरला सांगावे लागते. यालाच पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. त्यात वेळ घालवण्यापूर्वी एक तपासणी करावी. राउटरच्या स्टेटस पानावर दिसणारा वॅनचा आयपी ॲड्रेस, आणि ब्राउझरमध्ये ‘माझा आयपी’ शोधल्यावर दिसणारा पत्ता, हे दोन्ही सारखे आहेत का? वेगळे असतील, विशेषतः वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्टीतला असेल, तर कंपनीनेही तिच्या बाजूला नॅट लावलेले आहे आणि अनेक घरे एकाच पब्लिक पत्त्यामागे आहेत. मग तुमच्या राउटरमधले पोर्ट फॉरवर्डिंग कितीही बिनचूक केले तरी चालणार नाही. कंपनीकडे वेगळा पब्लिक पत्ता मागावा लागतो. जेथे अशी गरज नाही तेथे पोर्ट उघडूच नयेत, कारण उघडा पोर्ट तुमच्याप्रमाणे इतरांनाही उघडाच असतो.

७. नावावरून पत्ता : डीएनएस

तुम्ही ब्राउझरमध्ये नाव टाकता, पण माहिती पत्त्यावर जाते. नावाचा पत्ता शोधून देणारी ही यंत्रणा १९८३पासून अस्तित्वात आहे. तुमचा राउटर सहसा कंपनीचाच डीएनएस सर्व्हर वापरतो. तो बंद पडला की इंटरनेट पूर्ण चालू असूनही एकही संकेतस्थळ उघडत नाही, आणि सर्वांना वाटते ‘नेट गेले’. गूगलचा ८.८.८.८ किंवा क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ हे सर्वांसाठी खुले असलेले डीएनएस सर्व्हर राउटरच्या सेटिंगमध्ये टाकता येतात. त्याने डाउनलोडचा वेग वाढतो असा समज आहे, तो खरा नाही. फार तर पान उघडण्याआधीची शोधाशोध थोडी लवकर आटोपते.

८. वाय-फायचे शब्द

वाय-फायच्या यादीत दिसणारे नाव म्हणजे एसएसआयडी. ते ३२ बाइटांपर्यंत असू शकते, आणि देवनागरीतले प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-अनुस्वारही वेगळे मोजून, ३ बाइट घेते. म्हणून ‘आमचे घर’ मावते, पण ‘वरच्या मजल्यावरचे वाय-फाय’ मावत नाही. शिवाय काही जुनी उपकरणे देवनागरी नावाच्या जागी अगम्य चिन्हे दाखवतात. प्रिंटर किंवा स्मार्ट बल्ब घरात असतील तर नाव इंग्रजी अक्षरांतच ठेवणे सोयीचे.

२.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ हे दोन बँड. पहिला भिंतींतून जास्त दूर जातो पण त्यात गर्दी असते. दुसरा वेगवान, पण एखाद-दुसऱ्या जाड भिंतीतच दमतो. राउटरने नावाच्या शेवटी आपण होऊन ‘५जी’ लावले असेल तर तो हा दुसरा बँड आहे. मोबाइलच्या ५जीशी त्याचा काही संबंध नाही. अनेक स्मार्ट प्लग आणि कॅमेरे फक्त २.४ वरच चालतात, त्यामुळे ते जोडताना फोनही त्याच बँडवर आणून पाहावा. २.४ मध्ये चॅनेल निवडायचे झाल्यास १, ६ किंवा ११ यांपैकीच निवडावे, कारण हे तीन एकमेकांवर चढत नाहीत. मधला ३ किंवा ४ निवडला तर दोन्हीकडच्या शेजाऱ्यांचा त्रास होतो आणि त्यांनाही आपला.

सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए२ किंवा त्यानंतर २०१८मध्ये आलेले डब्ल्यूपीए३ निवडावे. डब्ल्यूईपी अजून यादीत दिसत असेल तर त्याला हात लावू नये. ते २००१मध्येच फोडले गेले. बटण दाबून किंवा आठ अंकी पिन टाकून जोडण्याच्या डब्ल्यूपीएस सोयीतला पिनचा भाग बंद करावा, कारण तो पिन दोन तुकड्यांत तपासला जातो आणि जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत सापडतो. दोन पासवर्डांची गल्लतही टाळावी : एक वाय-फायला जोडण्याचा, जो पाहुण्यांना सांगता, दुसरा राउटरच्या सेटिंगचा, जो कोणालाही सांगायचा नसतो. हा दुसरा कारखान्यातून जसा आला तसाच बहुतेक घरांत राहतो. तो आजच बदलून कागदावर लिहावा.

९. वेगाचे आकडे

कंपनी वेग सांगते मेगाबिटमध्ये, कॉम्प्युटर फाइल मोजतो मेगाबाइटमध्ये, आणि आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणून १०० एमबीपीएसच्या कनेक्शनवर डाउनलोड सेकंदाला १२.५ मेगाबाइटच्या आसपास दिसले तर फसवणूक झालेली नाही. कनेक्शन त्याहून मोठे असूनही केबलवर वेग ९५च्या आसपासच अडकत असेल, तर केबल तपासावी : गिगाबिटसाठी तिच्यातल्या आठही तारा लागतात, १०० एमबीपीएसला चारच पुरतात. उरलेल्या चारांपैकी एखादी तार तुटली की जोडणी बंद न पडता बहुधा मुकाट्याने १००वर उतरते. राउटरचे पोर्टच १००चे असतील तरी हेच होते.

१०. नेट गेले तर : बिघाड कोठे आहे ते पाहा

कमांड प्रॉम्प्ट उघडून पुढच्या चार गोष्टी याच क्रमाने कराव्यात. ‘पिंग’ (ping) ही कमांड, पुढे पत्ता लिहून दिली की, समोरच्याला हाक मारते आणि उत्तर यायला किती मिलिसेकंद लागले ते सांगते.

१) आयपीकॉन्फिग करून आपला पत्ता पाहावा. १६९.२५४ असेल तर केबल, वाय-फाय किंवा राउटरचा डीएचसीपी.
२) पत्ता ठीक असेल तर गेटवेला पिंग करावे. उत्तर नसेल, किंवा वेळ एकदम शेकड्यांत जात असेल, तर गोम घरातच आहे. राउटरजवळ जाऊन किंवा केबल लावून पुन्हा पाहावे.
३) गेटवे उत्तर देत असेल तर ८.८.८.८ ला पिंग करावे. उत्तर नसेल तर राउटरच्या पलीकडे बिघाड आहे. ओएनटीचे दिवे पाहून कंपनीला फोन करावा.
४) ८.८.८.८ उत्तर देतो पण संकेतस्थळे उघडत नाहीत, तर डीएनएस बदलून पाहावा.

या दरम्यान राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करण्यास हरकत नाही. पण पाठीमागच्या बारीक छिद्रात टाचणी खुपसून केला जाणारा रीसेट म्हणजे रीस्टार्ट नव्हे. त्याने वाय-फायचे नाव, पासवर्ड, सगळे पुसले जाते, आणि अनेक कनेक्शनांना लागणारे पीपीपीओईचे (कंपनीच्या नेटवर्कात लॉगिन करण्याच्या पद्धतीचे) युजरनेम-पासवर्डही जातात. मी एकदा ते केले, तेव्हा बिघाड बाहेरच्या केबलचा होता आणि तासाभरात दुरुस्तही झाला. माझे नेट मात्र दुसऱ्या दिवशी आले, कारण युजरनेम शोधायला ई-मेल उघडावा लागणार होता आणि फोनचा डेटा संपलेला होता. कंपनीला फोन कराल तेव्हा ‘नेट बंद आहे’ असे न म्हणता ‘गेटवे उत्तर देतो, ८.८.८.८ देत नाही, एलओएस लाल आहे’ असे सांगावे. राउटर बंद करून चालू करायला लावणारी पहिली दहा मिनिटे बहुतेक वेळा वाचतात.